टाइट एंड लवकर निवडावा का? अमेरिकन फुटबॉलमधील एका जुन्या पेचाचा इतिहास

#धागा #क्रीडाइतिहास

१/
२९ एप्रिल २०२१. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात एनएफएलच्या नवोदित खेळाडूंची वार्षिक निवड, म्हणजेच ‘ड्राफ्ट’, सुरू होती. अटलांटा फाल्कन्स या संघाच्या वतीने चौथ्या क्रमांकावर नाव पुकारले गेले: काइल पिट्स, फ्लोरिडा विद्यापीठ, जागा टाइट एंड. या जागेवरचा खेळाडू इतक्या वरच्या क्रमांकावर त्यापूर्वी कधीही निवडला गेला नव्हता. लगेच पाचव्या क्रमांकावर सिनसिनाटी बेंगल्सने जामार चेस हा वाइड रिसीव्हर घेतला.

पुढच्या फेब्रुवारीत चेसचा संघ सुपर बोलच्या मैदानात उतरला. पिट्सचा संघ १७ पैकी १० सामने हरून केव्हाच घरी परतला होता.

२/
यात गंमत अशी की पिट्स वाईट खेळला नव्हता. पहिल्याच हंगामात त्याने ६८ झेल घेऊन १,०२६ यार्डांची मजल मारली. नवख्या टाइट एंडने एका हंगामात हजार यार्डांचा टप्पा ओलांडण्याची ती इतिहासातील दुसरीच वेळ होती. पहिली वेळ होती १९६१ ची, म्हणजे साठ वर्षांपूर्वीची.

तरीही ही निवड योग्य होती का, हा वाद आजही मिटलेला नाही. खेळाडू उत्तम असूनही त्याची निवड महागात पडू शकते का? हा पेच समजून घ्यायचा तर या जागेचा जन्म, तिची कामे आणि तिची किंमत, तिन्ही पाहावे लागतात.

३/
आधी जागा. आक्रमण करणाऱ्या संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात. मध्यभागी पाच धिप्पाड खेळाडूंची भिंत, तिच्या मागे चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक आणि कडेला दूरवर उभे राहणारे चपळ रिसीव्हर. या भिंतीच्या टोकाला अगदी खेटून जो उभा राहतो, तो टाइट एंड.

त्याच्याकडे दोन कामे असतात. एका चालीत समोरच्या वजनदार बचावपटूला रेटून साथीदाराला धावायला वाट करून द्यायची. पुढच्याच चालीत त्याच जागेवरून निसटून, पळत जाऊन, फेकलेला चेंडू झेलायचा. पहिल्या कामाला हमालाची ताकद लागते आणि दुसऱ्याला हरणाची चपळाई. दोन्ही गुण एकाच देहात क्वचितच सापडतात.

४/
आता निवडीची पद्धत. १९३० च्या दशकात श्रीमंत संघ जास्त पैसे देऊन चांगले खेळाडू पळवत आणि दुबळे संघ अधिक दुबळे होत जात. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी त्यावर तोडगा सुचवला: गेल्या हंगामात सर्वांत खाली राहिलेल्या संघाने पहिली निवड करावी आणि विजेत्याने सर्वांत शेवटी. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात असा पहिला ड्राफ्ट झाला. तेव्हा संघ नऊ होते आणि फेऱ्याही नऊच.

आज ३२ संघ आणि सात फेऱ्या आहेत. आयपीएलप्रमाणे येथे बोली लागत नाही. आपला क्रमांक आला की एक नाव घ्यायचे, एवढेच.

५/
म्हणून ड्राफ्टमध्ये ‘किंमत’ या शब्दाचा अर्थ निराळा होतो. चौथ्या क्रमांकावर टाइट एंड घेतला, याची खरी किंमत म्हणजे त्याच वेळी समोर असलेले आणि न घेतलेले बाकीचे सगळे खेळाडू. २०२१ मध्ये पिट्सनंतरच्या आठ नावांतच चेस, जेलन वॉडल, पेनेई सूएल, पॅट्रिक सर्टन, डेव्हॉन्टा स्मिथ आणि मायका पार्सन्स ही नावे होती.

एखाद्या निवडीचा हिशेब मांडताना घेतलेल्या खेळाडूची कामगिरी अर्ध्या पानावर येते. उरलेले अर्धे पान सोडून दिलेल्यांचे असते.

६/
इतिहासात मागे गेले तर टाइट एंड हे नाव सुरुवातीला नव्हतेच. भिंतीच्या दोन टोकांना दोन ‘एंड’ असत. चेंडू फेकण्याचा खेळ वाढला तसा एक एंड भिंतीपासून दूर सरकला आणि पुढे रिसीव्हर झाला. दुसरा जागीच, भिंतीला चिकटून राहिला. तोच टाइट एंड. त्याचे मुख्य काम रेटारेटीचे. झेल मिळाला तर मिळाला.

१९६१ मध्ये शिकागो बेअर्सचे मालक आणि प्रशिक्षक जॉर्ज हॅलस यांनी पिट्सबर्ग विद्यापीठाच्या माइक डिटका याला पाचव्या क्रमांकावर निवडले आणि या जागेचे रूपच पालटले.

७/
हॅलस यांनी डिटकाला भिंतीलगत उभे केले, पण त्याच्याकडे चेंडू मात्र सतत फेकायला लावला. बचाव करणाऱ्या संघांना हा प्रकार नवा होता. एवढ्या ताकदीचा माणूस चेंडू घेऊन पळू लागला की पाठीमागच्या किरकोळ अंगाच्या बचावपटूंना तो आवरत नसे. पहिल्या हंगामात डिटकाने ५६ झेल, १,०७६ यार्ड आणि १२ टचडाउन अशी कामगिरी केली. नवख्या टाइट एंडचा हा यार्डांचा विक्रम तब्बल ६३ वर्षे टिकला. १९६३ मध्ये बेअर्स अजिंक्य ठरले आणि १९८८ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश मिळवणारा डिटका हा पहिला टाइट एंड झाला.

लवकर केलेली निवड फळाला आल्याचे हे पहिले आणि आजही सर्वांत ठसठशीत उदाहरण.

८/
मात्र त्याच दशकाने उलट बाजूही दाखवली. १९६३ मध्ये बाल्टिमोर कोल्ट्सने जॉन मॅकी याला दुसऱ्या फेरीत घेतले आणि सेंट लुईस कार्डिनल्सला जॅकी स्मिथ थेट दहाव्या फेरीत मिळाला. दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले.

डिटकाच्या यशाने भारावलेल्या संघांनी पुढेही वरचे क्रमांक खर्च केलेच. डेन्व्हरने १९७२ मध्ये राइली ओडम्सला पाचव्या, तर फिलाडेल्फियाने १९७३ मध्ये चार्ल यंगला सहाव्या क्रमांकावर निवडले. ‘लवकर घ्यावा’ आणि ‘थांबले तरी मिळतो’ हे दोन्ही पक्ष तेव्हापासून शेजारी शेजारी नांदत आले आहेत.

९/
१९७८ मध्ये नियम बदलले. रिसीव्हरला पाच यार्डांपुढे धक्काबुक्की करण्यास बचावपटूंना मनाई झाली आणि भिंतीतल्या खेळाडूंना हात लांबवून अडवण्याची मुभा मिळाली. चेंडू फेकणे एकाएकी सोपे झाले.

या बदलाचा लाभ सर्वांत हुशारीने उठवला तो सॅन डिएगो चार्जर्सचे प्रशिक्षक डॉन कोरियेल यांनी. १९७९ मध्ये संघाने मिझुरी विद्यापीठाच्या केलन विन्स्लो याला १३व्या क्रमांकावर निवडले. कोरियेल यांनी त्याला भिंतीशी बांधून ठेवले नाही. कधी कडेला, कधी मधल्या फटीत, कधी चाल सुरू होण्यापूर्वी सरकवत नेऊन त्यांनी बचावाला कोड्यात टाकले. १९८० मध्ये विन्स्लोने ८९ झेल घेऊन १,२९० यार्ड मिळवले. झेलांच्या यादीत त्या वर्षी साऱ्या लीगमध्ये तोच पहिला होता.

१०/
२ जानेवारी १९८२ रोजी मायामीत झालेला बाद फेरीचा सामना अमेरिकन क्रीडाइतिहासात अजरामर आहे. दमट उकाड्यात विन्स्लोने १३ झेल आणि १६६ यार्ड कमावले. शिवाय नियमित वेळेच्या शेवटच्या क्षणी प्रतिस्पर्ध्याची विजयी ठरू शकणारी किक हाताने अडवली. चार्जर्सने तो सामना जादा वेळेत ४१-३८ असा जिंकला. विन्स्लोला दोन सहकाऱ्यांनी आधार देऊन मैदानाबाहेर नेले.

त्याच्या यशाचे श्रेय वाटायचे तर तीन वाटे करावे लागतात: त्याचे स्वतःचे अंगभूत कौशल्य, चेंडू फेकणारा डॅन फाउट्स आणि कोरियेल यांची रचना. पुढच्या काळात विन्स्लोसारखा देह शोधणारे संघ पुष्कळ निघाले. बाकीचे दोन वाटे मात्र ते बरेचदा विसरले.

११/
हे तिन्ही वाटे जुळले नाहीत तर काय होते, याचा दाखला टोनी गोन्झालेझच्या कारकिर्दीत मिळतो. कॅन्सस सिटी चीफ्सने १९९७ मध्ये त्याला १३व्या क्रमांकावर निवडले. कारकिर्दीअखेर त्याच्या नावावर १,३२५ झेल आणि १५,१२७ यार्ड होते. टाइट एंडच्या जागेवरून इतके कोणालाही जमलेले नाही.

तरीही कॅन्सस सिटीतील १२ वर्षांत त्याच्या संघाने बाद फेरीतला एकही सामना जिंकला नाही. तसा विजय त्याला कारकिर्दीत एकदाच लाभला, तोही जानेवारी २०१३ मध्ये, अटलांटाकडून खेळताना.

निवड म्हणून गोन्झालेझमध्ये खोट काढता येत नाही. पण एकटा टाइट एंड, तो सर्वोत्तम असला तरी, संघाला कुठवर नेऊ शकतो याची मर्यादा येथे दिसते.

१२/
दुसऱ्या पक्षाचा पुरावाही भक्कम आहे. शॅनन शार्प १९९० मध्ये सातव्या फेरीत, एकूण १९२व्या क्रमांकावर निवडला गेला. अँटोनियो गेट्स केंट स्टेट विद्यापीठात बास्केटबॉल खेळत असे. २००३ च्या ड्राफ्टमध्ये त्याचे नाव कोणीही घेतले नाही. त्याच गेट्सने पुढे ११६ टचडाउन झेलून टाइट एंडचा विक्रम केला. त्याच वर्षी तिसऱ्या फेरीत डॅलसला जेसन विटन मिळाला. रॉब ग्रोन्कोव्स्की पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे विद्यापीठाच्या अखेरच्या हंगामात खेळलाच नव्हता. २०१० मध्ये न्यू इंग्लंडने त्याला दुसऱ्या फेरीत, ४२व्या क्रमांकावर घेतले. २०११ मध्ये त्याने एकाच हंगामात १७ टचडाउन झेलले.

१३/
इतकी रत्ने इतक्या खाली का सापडतात? एक कारण विद्यापीठांच्या खेळात आहे. तेथील अनेक संघ चेंडू पसरून खेळतात आणि टाइट एंडकडून दोन्ही कामे क्वचितच करवून घेतात. कुठे तो केवळ रेटारेटी करतो, तर कुठे नुसता झेल घेतो. निवड करणाऱ्यांना त्याचे अर्धेच रूप दिसते आणि उरलेले अर्धे अंदाजाने भरावे लागते.

जॉर्ज किटल याचे उदाहरण बोलके आहे. आयोवा विद्यापीठातील साऱ्या कारकिर्दीत त्याला जेमतेम ४८ झेल मिळाले. २०१७ च्या पहिल्या फेरीत ओ. जे. हॉवर्ड १९व्या, एव्हन एंग्रम २३व्या आणि डेव्हिड न्जोकू २९व्या क्रमांकावर गेले. किटल पाचव्या फेरीत, १४६व्या क्रमांकावर सॅन फ्रान्सिस्कोच्या वाट्याला आला. दुसऱ्याच हंगामात त्याने १,३७७ यार्ड मिळवले. तोपर्यंत कोणत्याही टाइट एंडने एका हंगामात इतकी मजल मारली नव्हती.

१४/
दुसरे कारण काळाचे. या जागेवरच्या खेळाडूला भिंतीची अडवणूकही शिकावी लागते आणि रिसीव्हरच्या धावण्याच्या वाटाही. दोन्ही शिक्षणे एकत्र चालल्याने परिपक्वतेला वेळ लागतो.

व्हर्नन डेव्हिस २००६ मध्ये सहाव्या क्रमांकावर निवडला गेला. त्याचा पहिला देदीप्यमान हंगाम, १३ टचडाउनचा, उजाडला २००९ मध्ये. ट्रॅव्हिस केल्सीला २०१३ मध्ये चीफ्सने तिसऱ्या फेरीत, ६३व्या क्रमांकावर घेतले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे पहिल्या वर्षी तो एकच सामना खेळला आणि त्यात झेल एकही नाही. २०१६ पासून मात्र त्याने सलग सात हंगाम हजार यार्ड ओलांडले.

६३व्या क्रमांकाच्या खेळाडूची वाट पाहायला संघ तयार असतो. सहाव्या क्रमांकाच्या खेळाडूला तेवढी सवड कोणी देत नाही.

१५/
या साऱ्या पेचाचे प्रतिबिंब एकाच संघाच्या एकाच ड्राफ्टमध्ये पाहायचे असेल तर २०१८ चे बाल्टिमोर रेव्हन्स पाहावेत. संघाचे महाव्यवस्थापक होते ओझी न्यूसम. ते स्वतः १९७८ मध्ये क्लीव्हलँडने २३व्या क्रमांकावर निवडलेले टाइट एंड आणि हॉल ऑफ फेमचे मानकरी. विद्यापीठात ते रिसीव्हर होते. क्लीव्हलँडने त्यांना भिंतीलगत आणले. ही जागा त्यांच्याहून अधिक जाणणारा निवडकर्ता मिळणे अवघड.

त्या वर्षी न्यूसम यांनी २५व्या क्रमांकावर टाइट एंड हेडन हर्स्टला घेतले. ३२व्या क्रमांकावर क्वार्टरबॅक लमार जॅक्सन. आणि तिसऱ्या फेरीत, ८६व्या क्रमांकावर, आणखी एक टाइट एंड: मार्क अँड्र्यूज.

१६/
हर्स्टला पहिल्या हंगामाआधीच पायाची दुखापत झाली आणि दोन वर्षांनी संघाने त्याला अटलांटाकडे धाडले. अँड्र्यूज जॅक्सनचा सर्वांत विश्वासू साथीदार ठरला. २०२१ मध्ये त्याने १०७ झेल आणि १,३६१ यार्ड कमावले.

न्यूसम यांच्यासारख्या जाणकाराचाही २५वा अंदाज हुकतो आणि ८६वा साधतो, यावरून नजरेच्या मर्यादा कळतात. पण त्यांनी केलेली दुसरी गोष्टही ध्यानात घ्यावी. एकाच खेळाडूवर सगळी भिस्त न ठेवता त्यांनी त्याच जागेसाठी दोन खेळाडू घेतले. अंदाज चुकणारच हे गृहीत धरून केलेली ती तजवीज होती.

१७/
येथवर वाचून ‘टाइट एंड उशिराच घ्यावा’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे सावध व्हावे.

२०२५ पर्यंत दहा टाइट एंड हॉल ऑफ फेममध्ये गेले. डिटका, विन्स्लो, न्यूसम आणि गोन्झालेझ हे चौघे पहिल्या फेरीतले. मॅकी आणि डेव्ह कॅस्पर दुसऱ्या, चार्ली सँडर्स तिसऱ्या, शार्प सातव्या, स्मिथ दहाव्या फेरीतला आणि गेट्स अनिवडलेला. चार विरुद्ध सहा. वरवर पाहता उशिराच्या पक्षाचा विजय.

परंतु पहिल्या फेरीत टाइट एंड दरवर्षी फार तर दोन-तीन जातात, कधी एकही जात नाही. नंतरच्या फेऱ्यांत आणि अनिवडलेल्यांत त्यांची संख्या कितीतरी मोठी असते. त्या मानाने पहिल्या फेरीतील चौघे हे प्रमाण फारच चांगले ठरते.

१८/
केल्सी आणि किटल आठवणीत राहतात, कारण ते यशस्वी झाले. त्याच फेऱ्यांत निवडलेले, दोन-तीन हंगामांत नावनिशाणीशिवाय विरून गेलेले टाइट एंड कोणाच्या स्मरणात नसतात. जी गढी टिकून राहिली तिच्यावरून साऱ्या गढ्या मजबूत होत्या असे म्हणता येत नाही. पडलेल्यांचे चौथरेही मोजावे लागतात.

शिवाय केल्सीला ६३व्या क्रमांकापर्यंत कोणीही घेतले नाही, याचा अर्थ तो असा निघेल हे कोणालाच ठाऊक नव्हते. ‘थांबा, तिसऱ्या फेरीत केल्सी मिळेल’ हे धोरण होऊ शकत नाही.

तेव्हा लवकर निवडलेला टाइट एंड यशस्वी होण्याची शक्यता अधिकच असते. मग आक्षेप कशावर आहे? किमतीवर.

१९/
२०११ च्या सामूहिक करारानंतर नवोदितांचे वेतन निवडीच्या क्रमांकावरून ठरू लागले. जागा कोणती याने फरक पडत नाही. त्यानुसार चौथ्या क्रमांकाच्या पिट्सला चार वर्षांसाठी सुमारे ३.३ कोटी डॉलर मिळाले, तर पाचव्या क्रमांकाच्या चेसला सुमारे ३.१ कोटी. म्हणजे दोघांनाही वर्षाला साधारण ८० लाख.

आता अनुभवी खेळाडूंचा बाजार पाहावा. २०२० मध्ये किटलने केलेला करार वर्षाला सरासरी १.५ कोटींचा होता आणि टाइट एंडच्या बाजारात तो कळसाचा मानला गेला. त्याच वर्षी डिआंद्रे हॉपकिन्स या रिसीव्हरच्या नव्या करारात वर्षाला सुमारे २.७ कोटी होते.

पिट्स अगदी किटलइतका चांगला निघाला असता, तरी अटलांटाची बचत निम्मीच झाली असती. चेस हॉपकिन्सइतका निघाला आणि सिनसिनाटीने दोन तृतीयांशांहून अधिक रक्कम वाचवली.

२०/
वाचलेला पैसा भिंत उभारायला आणि बचाव मजबूत करायला वापरता येतो, म्हणून हा हिशेब महत्त्वाचा. पण टाइट एंडचा बाजारभाव मुळात इतका कमी का? या प्रश्नाचा निवाडा २०१४ मध्ये एका लवादापुढे आला होता.

न्यू ऑर्लीन्स सेंट्सने जिमी ग्रॅहम याला ‘फ्रँचाइज टॅग’ लावला. खेळाडूला एक वर्ष संघातच रोखून ठेवण्याची ही तरतूद. तिचे मोल जागेवरून ठरते. टाइट एंड म्हणून सुमारे ७० लाख डॉलर, रिसीव्हर म्हणून सुमारे १.२३ कोटी. ग्रॅहमचा युक्तिवाद असा की आपण दोन तृतीयांश चालींत भिंतीपासून दूर, रिसीव्हरच्या जागी उभे राहतो. मग आपण टाइट एंड कसे? लवाद स्टीफन बरबँक यांनी कौल दिला: ग्रॅहम टाइट एंडच. काम रिसीव्हरचे असले तरी नाव टाइट एंडचे आणि भावही त्याच नावाचा.

२१/
खेळाडूच्या बाजूने ही कहाणी कडवट आहे. तो भिंतीतल्या खेळाडूसारखी धडक सोसतो, रिसीव्हरसारखे झेल घेतो आणि दोन्हींच्या शिखरावरील खेळाडूंपेक्षा कमी मिळवतो. या संदर्भात जॉन मॅकी पुन्हा आठवतो. दुसऱ्या फेरीतला हा टाइट एंड पुढे खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष झाला आणि करार संपल्यावरही खेळाडूला मोकळेपणी संघ बदलू न देणाऱ्या ‘रोझेल नियमा’विरुद्ध न्यायालयात गेला. १९७६ मध्ये अपील न्यायालयाने तो नियम स्पर्धाविरोधी ठरवला.

विद्यापीठांतील सर्वोत्तम टाइट एंडला आज मॅकीच्या नावाने पुरस्कार दिला जातो. २०२० चा मानकरी होता काइल पिट्स.

२२/
लवकर निवडलेल्या खेळाडूवर क्रमांकाचे ओझे किती पडते, हे डेट्रॉइट लायन्सच्या दप्तरात वाचायला मिळते. २०१४ मध्ये त्यांनी एरिक एब्रनला दहाव्या क्रमांकावर घेतले. तीनच क्रमांकांनंतर गेला ॲरन डोनाल्ड, जो पुढे तीनदा वर्षातील सर्वोत्तम बचावपटू ठरला. एब्रनच्या प्रत्येक सुटलेल्या झेलाबरोबर डोनाल्डचे नाव निघू लागले. २०१८ मध्ये डेट्रॉइटने त्याला सोडले. त्याच वर्षी इंडियानापोलिसमध्ये, अँड्र्यू लकच्या फेकीवर, त्याने १३ टचडाउन झेलले.

२०१९ मध्ये लायन्सने आठव्या क्रमांकावर टी. जे. हॉकनसन घेतला आणि २०२२ मध्ये हंगामाच्या मध्यावर त्याला मिनेसोटाला देऊन टाकले. पुढच्या वसंतात दुसऱ्या फेरीत, ३४व्या क्रमांकावर, सॅम लापोर्टा आला आणि पहिल्याच वर्षी ८६ झेल घेऊन गेला. तोवर लायन्सची भिंत, क्वार्टरबॅक आणि चालींची आखणी, सारे जागेवर आले होते.

२३/
२०२४ मध्ये लास व्हेगास रेडर्सने ब्रॉक बॉवर्सला १३व्या क्रमांकावर निवडले. त्याने ११२ झेल घेतले. कोणत्याही जागेवरच्या नवख्या खेळाडूने एका हंगामात घेतलेले हे सर्वाधिक झेल. १,१९४ यार्डांनिशी त्याने डिटकाचा ६३ वर्षांचा विक्रमही मोडला. नवख्या टाइट एंडचा इतिहासातील हा सर्वोत्तम हंगाम.

रेडर्स त्या वर्षी १७ पैकी चार सामने जिंकले. चेंडू फेकणारा खेळाडू हंगामभर बदलत राहिला. प्रशिक्षकालाही हंगाम संपताच जावे लागले.

बॉवर्सची निवड चुकली असे कोणी म्हणत नाही. पण गोन्झालेझच्या बारा वर्षांतून जे उलगडले, तेच येथे एका वर्षात दिसले.

२४/
साठ वर्षांच्या या अनुभवातून काही गोष्टी हाती लागतात.

पहिली: ज्याला झेल, धाव आणि अडवणूक करताना प्रत्यक्ष पाहिले आहे, त्याच्यावर वरचा क्रमांक खर्च करणे हा शहाणपणाचा डाव, केवळ उंची आणि वेग पाहून केलेला खर्च हा जुगार.

दुसरी: क्वार्टरबॅक आणि भिंत नसलेल्या संघाने टाइट एंडपासून बांधणी सुरू करू नये. तो चांगल्या घराला मजला चढवतो. पाया घालणे त्याचे काम नव्हे.

तिसरी: तुलना केल्सीशी करू नये. त्याच क्षणी समोर उपलब्ध असलेल्या रिसीव्हरशी, भिंतीच्या खेळाडूशी, बचावपटूशी करावी, आणि तीही बाजारभावासकट.

या कसोटीवर १९६१ चा डिटका उतरतो, १९७९ चा विन्स्लो उतरतो. पिट्स पहिल्या अटीत बसत होता. दुसरीत आणि तिसरीत नव्हता. मार्च २०२२ मध्ये अटलांटाने अनुभवी क्वार्टरबॅक मॅट रायनला इंडियानापोलिसला दिले आणि त्या हंगामात पिट्सच्या वाट्याला दहा सामन्यांत फक्त २८ झेल आले. त्याच्या हातात न आलेल्या चेंडूंचा दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

२५/
एप्रिल २०२५ मध्ये डिटकाच्याच जुन्या संघाने, शिकागो बेअर्सने, मिशिगन विद्यापीठाच्या कोल्स्टन लव्हलँडला दहाव्या क्रमांकावर निवडले. चारच क्रमांकांनंतर इंडियानापोलिसने टायलर वॉरनला घेतले. म्हणजे ‘लवकर घ्यावा’ हा पक्ष अजून जिवंत आहे.

शिकागोने त्याआधी एक वर्ष क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स पहिल्या क्रमांकावर घेतला होता. नवे प्रशिक्षक बेन जॉन्सन होते. डेट्रॉइटमध्ये लापोर्टासाठी चाली आखणारे तेच. आधी फेकणारा, मग आखणारा आणि त्यानंतर झेलणारा, असा हा क्रम. हा डाव किती फळेल ते पुढची वर्षे सांगतील. एवढे मात्र खरे की हा क्रम लावताना शिकागोने विन्स्लोच्या यशाचे तिन्ही वाटे मोजले होते.

धागा समाप्त.